पाऊण टक्का

खंडेनवमी जवळ आली की बंद केलेल्या गोष्टी खरोखर बंद आहेत यावर माझा विश्वास बसत नाही. एरवी मी शहाण्यासारखा वागतो. इस्त्री बंद केली की बंद. पण नवरात्राची चौथी-पाचवी माळ उलटते, पाऊस गेल्यावरचं ते चिकट पिवळं ऊन बिबवेवाडीच्या गच्च्यांवर पडायला लागतं, कोपऱ्यावर टेम्पोतून झेंडूची पोती उतरतात, आणि मी मिक्सरचा प्लग काढून ठेवतो. काढल्यावरही थोडा वेळ त्याच्याकडे पाहत उभा राहतो. पहिल्या वर्षी बायकोने विचारलं होतं, "मिक्सर पळून जाणार आहे का?" दुसऱ्या वर्षी तिने नऊ दिवसांची चटणी आधीच वाटून ठेवली. आमच्या घरात संवाद असाच होतो.

तीस वर्षं मी विजेच्या उपकरणांच्या पोटातली सर्किटं आखली. हे काम चांगलं झालं तर कुणाला कळत नाही आणि वाईट झालं तर वास येतो. त्यातही माझा खास विषय पॉवर फॅक्टर सुधारण्याचा. लग्नकार्यात कुणी "आपण काय करता?" असं विचारलं आणि मी हे उत्तर दिलं की विचारणारा वाढप्याला हाक मारायचा.

गोष्ट खरं तर सोपी आहे. टेकडीवर रोज सकाळी फिरायला येणारी जोडपी आठवा. नवरा वीस पावलं पुढे, बायको मागे. दोघंही चालतात, दोघांनाही घाम येतो, पण बोलणं काही होत नाही. विजेचा दाब आणि विजेचा प्रवाह यांचं असं बिनसलं की तारांमधून धावपळ पुष्कळ होते आणि काम कमी. बॅटरीच्या चार्जरची तर तऱ्हाच न्यारी. अक्षता पडून पंगत बसली की मगच उगवणारा जो पाहुणा असतो, तो म्हणजे साधा चार्जर. दाब शिगेला पोचतो त्या क्षणी येणार, भराभर गिळणार आणि नाहीसा होणार. असे हजार पाहुणे एकाच घटकेला पानावर बसले की गल्लीतला ट्रान्सफॉर्मर कण्हायला लागतो. आमचं सर्किट त्या पाहुण्याला मुहूर्तापासून विड्यापर्यंत मांडवात बसवून ठेवतं. थोडं थोडं घे, सारखं घे, दाब चालेल तसा चाल.

मात्र पाहुण्याला शिस्त लावणारा माणूसही जेवतोच. सर्किट स्वतः थोडी वीज खातं, तापतं. ते किती कमी खाईल यावर आमची आयुष्यं गेली.

सात वर्षांपूर्वीच्या त्या मोसमात आम्ही ई-रिक्षाचा चार्जर करत होतो. कारखाना बिबवेवाडीतच, तीस माणसांचा, खाली पत्र्याचा प्रेस आणि वर आम्ही. मालकांना एमडी म्हटलेलं आवडे. त्यांनी गिऱ्हाइकाला शब्द दिला होता की पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या आमच्या सर्किटची कार्यक्षमता पंच्याण्णव टक्के असेल. पंच्याण्णवच का, हे कुणी विचारलं नाही. मीटिंगमध्ये पडद्यावर पृथ्वीचा गोल फिरत होता, त्यातून हिरवी पालवी फुटत होती, आणि चौऱ्याण्णवला टाळ्या वाजत नाहीत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी चौऱ्याण्णव आणि पाववर अडकलो होतो. पाऊण टक्का कमी.

हा पाऊण टक्का शोधण्यात माझे श्रावण-भाद्रपद गेले. गणपती आले आणि गेले, मला त्या वर्षीच्या मोदकांचीसुद्धा आठवण नाही. ट्रान्झिस्टर जोरात उघडझाप करवला की तो तापतो. हळू करवला की कॉइल मोठी लागते आणि ती गुणगुणते. कॉइल मोठी केली की डब्यात मावत नाही. डबा मोठा केला की गिऱ्हाईक मावत नाही. शिवाय शून्याचा प्रश्न. घरातल्या विजेचा दाब सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, आणि अगदी त्या क्षणी आमचं सर्किट चाचपडतं. दिवे गेल्यावर माणूस स्वतःच्याच घरात भिंतीला हात लावत चालतो, तसं. स्क्रीनवर प्रवाहाची सुंदर कमान दिसते आणि तिच्या पायथ्याशी एक बारीक खाच. मी तासन्‌तास त्या खाचेकडे पाहत बसलेला असे. खोलीत वॉर्निशचा वास, बाहेर ऑक्टोबरचं ऊन, आणि खालच्या प्रेसचे ठोके.

माझ्या मागच्या टेबलावर मंदाताई कॉइल गुंडाळायच्या. मूळच्या वर्ध्याच्या, लग्न होऊन पुण्यात आल्या त्याला तेव्हाच पंचवीस वर्षं झालेली. भाषा पुण्याची घेतली होती, पण राग आला किंवा काळजी वाटली की वर्धा परत यायची. बाकीच्या बायका तार अंगठा आणि तर्जनीतून सोडत; ताई अनामिकेवरून सोडायच्या. तार किती ताणली गेली ते त्या बोटाला कळायचं. सैल पडलेला एक वेढा पुढे जन्मभर गुणगुणतो, म्हणून ताण महत्त्वाचा. मशीनने गुंडाळलेली कॉइल आणि ताईंची कॉइल शेजारी ठेवली तर पाहून फरक सांगता आला नसता. ऐकून आला असता.

"सर, हे कण्हून राहिलं," त्या मागून म्हणायच्या, मान वर न करता.

"मला तर काही ऐकू येत नाही."

"तुम्ही मीटरकडं पाहता ना. मीटरला कान कुठून येतील?"

मी लोड बदलून पाहायचो आणि खरंच कुठेतरी बारीक आवाज सापडायचा.

आता एकोणतीसच्या पाढ्याबद्दल सांगायला हवं. आमच्या सर्किटमध्ये एक कपॅसिटर असतो, वीज साठवणारा. छोट्या पावडरच्या डब्याएवढा, डोक्यावर दोन स्क्रू. स्विच बंद केला तरी तो भरलेलाच असतो, तीन-साडेतीनशे व्होल्टनी. पुढचा भाग त्यातलं थोडं ओढून घेतो आणि पोट भरल्यासारखा मध्येच थांबतो. उरलेलं तिथेच राहतं. ते जिरवायला कपॅसिटरला एक साधा रेझिस्टर जोडलेला असतो. तो काहीच करत नाही, फक्त गळतो. आमच्या सगळ्या सर्किटांत त्या गळतीला वीसएक सेकंद लागायचे. जुने फोरमन पवारमामा यांनी त्यावरून नियम घालून दिला होता: स्विच बंद केला की एकोणतीसचा पाढा म्हणायचा, मोठ्याने, मग हात घालायचा. घड्याळ पाहायला नजर मोकळी नसते आणि वीसपर्यंत मोजताना माणूस आकडे गिळतो. एकोणतीसच्या पाढ्यात गिळायची सोय नाही. एकोणतीस चोकला सगळेच अडखळतात. इंजिनियर मुलं हसायची आणि मग मोबाइलवर पाढा शोधायची. ताई चौथी शिकलेल्या, पण त्यांचा पाढा एका लयीत, न अडखळता, बरोबर बावीस सेकंद. मी एकदा मोजला होता.

तर तो रेझिस्टर. स्विच चालू असतानाही तो गळतच असतो. तीन वॉट, जरा जास्तच. चारशे वॉटच्या चार्जरमध्ये तीन वॉट म्हणजे किती, याचं गणित मी एका दुपारी केलं आणि उत्तर पाहून खुर्चीत सरळ बसलो. पाऊण टक्का.

मी तो काढला. ड्रॉइंगमधून एक रेघ पुसली, इतकंच. मनाशी म्हणालो, दाब मोजण्यासाठी दुसरे मोठे रेझिस्टर आहेतच, त्यांतून जिरेल. हळू जिरेल, पण जिरेल. किती हळू, हे तेव्हा मोजलं नाही. मोजायचं नव्हतं म्हणून मोजलं नाही. पवारमामा तोवर निवृत्त झाले होते. ज्या माणसांच्या तोंडी पाढा होता त्यांना मी सांगितलं नाही, कारण सांगायचं तर काय काढलं ते सांगावं लागलं असतं, आणि मीटरवर पंच्याण्णव पूर्णांक एक आलं होतं. पहिल्या लॉटचे चाळीस चार्जर त्याच आठवड्यात रवाना झाले.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं आणि यंत्रं पुजतात. पक्कड, सोल्डरिंगची इस्त्री, गुंडाळणीचं यंत्र, लाखाचा ऑसिलोस्कोप, सगळे एका रांगेत, झेंडूखाली. त्या दिवशी कुणाकडून काम घ्यायचं नाही. यंत्रांना हळदकुंकू लावायचा मान मंदाताईंचा. त्या वर्षी मालकांनी त्यात आणखी एक कार्यक्रम घुसवला. नवा चार्जर झाकण काढून मधोमध ठेवला, पाहुण्यांना मीटरवरचा आकडा दाखवला, टाळ्या झाल्या, आणि मला शाल-श्रीफळ. ऑक्टोबरच्या उकाड्यात लोकरीची शाल. मालक म्हणाले, "हा पाऊण टक्का म्हणजे आपल्या संस्थेचा आत्मा आहे." गुरुजी दारात उभे राहून फोनवर पुढच्या कारखान्याला वेळ देत होते.

मग मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले. ताई हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढे आल्या आणि नियमाप्रमाणे पाढा सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. प्रेसमधल्या बायका खिदळल्या, कुणीतरी म्हणालं, "ताई, आरती म्हणताय का?" ताई हसल्या, थांबल्या नाहीत. दोनशे नव्वदपर्यंत गेल्या. मी शाल पांघरून तीन पावलांवर उभा होतो. पाढा मी ऐकत होतो. आणि मला आठवण झाली नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, की नक्की झाली नाही, की होऊ दिली नाही.

त्यांनी आधी कॉइलला बोट टेकवलं, स्वतःच्या हातची म्हणून असेल. मग कपॅसिटरकडे वळल्या. नवी चीज घरात आली की तिला आधी मान द्यायचा, तसा. ओल्या कुंकवात अनामिका बुडवली आणि त्या दोन स्क्रूंच्या मधोमध, कपाळावर लावावं तसं, कुंकू टेकवलं.

आवाज मोठा झाला नाही. वाळकी काडकी मोडल्यासारखा. ताट पडलं त्याचा आवाज त्याहून मोठा होता. ताई ओरडल्या नाहीत, त्यांनी फक्त हात छातीशी धरला आणि चार्जरकडे पाहत राहिल्या. बंद होता तो. सगळ्यांनी पाहिलं होतं, बंद होता.

बोट वाचलं. पेरावर दोन काळे ठिपके राहिले, ते महिन्याभरात गेले. संवेदना मात्र परतली नाही. दिवाळीनंतर ताई गुंडाळणीवर बसल्या तेव्हा तार त्या बोटावरून नुसती वाहायची, काही सांगायची नाही. त्यांनी तर्जनीवरून सोडून पाहिली. कॉइल कण्हायला लागल्या. पंधरवड्याने त्या आपणहून पॅकिंगला गेल्या, खोक्यांना पट्ट्या लावायला.

अपघाताच्या नोंदीचा कागद माझ्याकडे आला, कारण उपकरण माझं. त्यात 'कारण' असा रकाना होता. मी लिहिलं: उपकरण बंद केल्यानंतर पुरेसा वेळ न थांबता स्पर्श केल्यामुळे. या वाक्यात खोटा शब्द एकही नाही. आयुष्यात इतकं काळजीपूर्वक वाक्य मी दुसरं लिहिलेलं नाही. मालकांनी वाचलं, मान डोलावली, ताईंच्या दवाखान्याचं सगळं नीट केलं, आणि भिंतीवर 'सुरक्षा प्रथम'चा नवा फलक लावला.

मग ते वाक्य आपल्या पायांनी चालायला लागलं. ताईंनी घाईत पाढा म्हटला. मधली एक ओळ गाळली असेल. बायका हसवत होत्या ना. कुणी दुष्टपणे बोललं नाही, सगळे प्रेमानेच बोलत. "ताई, पाढा चुकला बघा तुमचा." आणि ताई म्हणायच्या, "चुकला असंल बाप्पा."

पुढच्या लॉटमध्ये मी रेझिस्टर गुपचूप परत जोडला. ड्रॉइंगवर कारण लिहिलं, 'सर्वसाधारण सुधारणा'. कार्यक्षमता पुन्हा चौऱ्याण्णव आणि पाववर आली. कुणाच्या लक्षात आलं नाही. गिऱ्हाइकाने मोजलंच नव्हतं.

कपॅसिटरचा एक गुण आहे. तो पुस्तकात एका परिच्छेदात असतो आणि परीक्षेला येत नाही. भरलेला कपॅसिटर तुम्ही पूर्ण रिकामा केलात, टोकं जोडून शून्यावर आणलात आणि मोकळा ठेवलात, तर थोड्या वेळाने त्याच्यात पुन्हा थोडा दाब दिसतो. बाहेरून काहीही न देता. आतल्या थरांत मुरलेलं हळूहळू वर येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला गंमत वाटली होती.

पॅकिंग विभाग माझ्या वाटेवर होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यावरून उतरत होतो. ताई एकट्याच होत्या. समोर भिंतीवरचं घड्याळ, आणि त्या पुटपुटत होत्या. एकोणतीस पाचे, एकोणतीस सक. शेवटी घड्याळाकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चुकतो का, किती सेकंदांनी चुकतो, हे त्या तपासत होत्या. मी जिन्यात थांबलो. तिथे उभं राहून तीन शब्द बोलायचे होते. पाढा बरोबर होता. मी परत वर गेलो आणि दुसऱ्या जिन्याने उतरलो. निवृत्त होईपर्यंत तोच जिना वापरला. लोकांना वाटलं, गुडघ्यांसाठी.

यंदा चौथ्या माळेला मी वाघोलीला गेलो. ताई आता तिथे मुलीकडे असतात, सहाव्या मजल्यावर. बिबवेवाडीहून वाघोली म्हणजे पूर्वी एखाद्याने बिऱ्हाड हलवलं असतं तेवढा प्रवास. रस्त्यात मी जे काही बोलायचं ठरवलं होतं ते चार वेळा विसरून झालं. त्यांनीच दार उघडलं.

"या सर. सापडली म्हणायची वाघोली."

"सापडली. पुणं कुठे संपलं ते मात्र कळलं नाही."

"ते आम्हालाबी कळत नाही. बसा."

चहा आला. खिडकीतून समोर आणखी तीन इमारती चढत होत्या. मी शालीपासून सुरुवात केली, ते बरोबर वाटेना, मग रेझिस्टरपासून केली. ताईंनी मध्ये काही विचारलं नाही. उजव्या हाताचं ते बोट कपाच्या कानाबाहेर ताठ ठेवून त्या चहा पीत होत्या. गरम लागत नाही त्याला, म्हणून भाजलं तरी कळत नाही. त्यामुळे सवयीने बाहेर. माझं बोलून झाल्यावर कप खाली ठेवला.

"म्हणजे पाढा बरोबर होता."

"बरोबर होता."

"सगळा?"

"सगळा. बावीस सेकंद."

 त्या म्हणाल्या, आणि वर्धा पूर्ण परत आली होती, "मले वाटे, एकोणतीस सत्ते गाळला असंन. त्या बायका हसून राहिल्या होत्या ना, तवाच. सात वर्सं मी तेच म्हणून राहिली, सत्तेच गाळला असंन." मग, "आईनं शिकवला होता तो पाढा. शाळेतला नोहे."

मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"किती थांबाले पाहिजे होतं?"

"दहा मिनिटं. त्या दिवशी संध्याकाळी मी गणित केलं होतं. दहा मिनिटं आणि थोडं."

"तवाच केलं होतं."

"हो."

"वहीत लिवलं?"

"लिहिलं."

"आनं वही घरी नेली." हे त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. मग पदराने हात पुसला. "तसले किती बनवले तुमी?"

"चाळीस. पहिला लॉट."

"आनं ते?"

इथे मला कळलं की मी वाघोलीपर्यंत आलो तो फक्त माझं एक वाक्य घेऊन आलो होतो. चाळीस डब्यांचा विचार मी सात वर्षांत केलाच नव्हता असं नाही. झाकणावर 'उघडू नये' असा स्टिकर होता. आपल्याकडे तो स्टिकर लोक पहिल्यांदा सोलून काढतात, खाली स्क्रू असतो म्हणून. हे मला ठाऊक होतं.

"बाहेर आहेत," मी म्हणालो. "परत मागवले असते तर कारण द्यावं लागलं असतं."

"कुठं बाहेर?"

"नागपूरला काही. वर्ध्याला काही."

"वर्ध्याले," त्या म्हणाल्या, आणि उठल्या. त्यांचे भाऊ वर्ध्याला स्टेशनाबाहेर ई-रिक्षा लावतात, हे मला माहीत नव्हतं. वीस वर्षं त्या माझ्या पाठीमागे बसल्या होत्या. आतून मोबाइल घेऊन आल्या.

"ताई, तुम्ही रागवा तरी."

"रागावीन ना. कायले नाही रागावणार? आधी फोन लावू द्या."

भाऊ उचलेपर्यंत त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. "दादा, तुमच्या स्टँडवर निळ्या डब्याचे चार्जर आहेत का? जुने. सात वर्सांमागचे."

"आहेत ना दोन-चार. काहून वो?"

"उघडू नका म्हणा कोणाले. बंद केला तरी उघडू नका. आनं फोटो पाठवा, वरच्या नंबरसकट."

"काहून पण? तू काय इंजिनियर झाली काय?"

"इंजिनियर बसले हाय इथं बाजूले," ताई म्हणाल्या. "ते सांगून नाही राहिले, म्हणून मी सांगून राहिली."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याला पत्र दिलं. रकान्यातलं जुनं कारण खोडून नवं लिहून दिलं, सही केली, आणि नागपूरच्या विक्रेत्याला कळवा म्हणून विनंती. मालकांनी चहा पाजला. "सर, तुम्ही आता निवृत्त आहात, तब्येतीला जपा," म्हणाले, आणि पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. मी विक्रेत्याचा नंबर काढून त्याला स्वतःच फोन केला. त्याने दुकान बदललं होतं. आता तो सोलर विकतो. जुने कागद शोधतो म्हणाला, आवाजावरून तो शोधणार नव्हता.

फोटो मात्र ताईंच्या वाटेने आले. भावाने स्टँडवरच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते हिंगणघाटच्या ग्रुपवर गेलं, तिथून नागपूरच्या. निळे डबे माझ्या मोबाइलवर यायला लागले. एक गोठ्यात खुंटीला टांगलेला. एक देवघराच्या खाली, वर उदबत्तीची राख. एक झाकण नसलेला, आत कोळ्याने जाळं केलेलं, अगदी त्या दोन स्क्रूंच्या मध्ये. मी प्रत्येक नंबर त्याच वहीतल्या पहिल्या लॉटच्या यादीशी ताडून पाहतो आणि उलटा निरोप देतो: तो मोडीत द्या, बदल्यात नवा मी पाठवतो. त्याआधी बंद करून तासभर ठेवा. उघडू नका. ताई रोज संध्याकाळी फोन करतात. तब्येत विचारत नाहीत, "किती झाले?" एवढंच विचारतात. राग आहे की नाही हे मला अजून कळलेलं नाही. विचारायचं धाडस नाही.

काल सव्विसावा आला. नागपूरहून, कुणाच्या तरी कुणाच्या तरी मित्राकडून. डबा बाजेवर ठेवलेला, कडेला गंज. स्टिकर सोललेला होता, आणि त्या जागी पांढऱ्या ऑइलपेंटने, जाड ब्रशने, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: बंद केल्यावर दहा मिनिट हात लावू नये.

मी ताईंना फोन लावला. त्यांनी भावाला, भावाने पुढे. तासाभराने उत्तर आलं. तिथे एक रिक्षा दुरुस्त करणारा मिस्त्री होता, त्याने लिहिलं. नाव कुणाला आठवत नाही. तो आता तिथे नसतो. कुठे गेला माहीत नाही, दुकानात दुसराच माणूस आहे.

दहाचा आकडा बरोबर आहे. माझ्या वहीत तोच आहे, कपॅसिटर आणि रेझिस्टरच्या गुणाकारातून, लॉगरिदम घेऊन काढलेला, खाली दोन रेघा. त्या मिस्त्रीकडे ड्रॉइंग नव्हतं. ते मी कुणाला दिलंच नव्हतं. मीटर असता तर त्याने 'मीटर लावून पाहा' असं लिहिलं असतं. म्हणजे पहिला झटका बसल्यावर त्याने पुढच्या वेळी दोन मिनिटं थांबून बोट लावून पाहिलं असणार. मग चार. मग सहा. मग आठ.